मास्तर, सूर्य चालला

१९८७ ते २०१९ अशी ३२ वर्षं मी एसटीत वाहक होतो. प्रवासी, ड्रायव्हर, स्टँडवरचे हमाल, सगळ्यांसाठी मी ‘मास्तर’. घर जुन्या नाशकात, पिंजारघाटाच्या बाजूला. वडील कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. नमाज मला त्यांच्याकडून मिळाली आणि वेळापत्रक एसटीकडून. दोन्ही एकाच अंगावर पडल्यामुळे नमाजच्या पाच वक्तांबद्दल जे उमगलं, ते लिहून ठेवतो आहे. मसले, म्हणजे धर्माचे नियम, सांगण्याचा मला अधिकार नाही, ते मौलानांनी सांगावेत. हे माझ्या अंगावरून गेलेलं आहे, एवढंच.

१. नमाज आधी अंगाला येते, मग मनाला

मूल सात वर्षांचं झालं की त्याला नमाजला उभं करावं, अशी शिकवण आहे. अब्बांनी मला बरोबर सातव्या वर्षी उभं केलं. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची, अजान झाली की ते पिंजण भिंतीला टेकवायचे. तिची तात नंतरही थोडा वेळ गुणगुणत राहायची. त्यांच्या भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू बसलेले असायचे. मोरीपाशी येऊन ते आधी ओल्या हाताने ते तंतू काढायचे आणि मग वजूला, नमाजआधीच्या हातपाय धुण्याला, बसायचे.

मला रुकू, म्हणजे नमाजमधलं कमरेतून वाकणं, शिकवताना ते पितळी पेल्यात अर्धा पेला पाणी घ्यायचे आणि माझ्या पाठीवर ठेवायचे. रुकूत पाठ इतकी सपाट हवी की त्यावर पाणी ठरलं पाहिजे. पेला कलंडला तर ते रागवायचे नाहीत. पुन्हा भरायचे, पुन्हा ठेवायचे. सजद्यात सात ठिकाणं जमिनीला लागावी लागतात: नाकासकट कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं. माझी बोटं हमखास उचलली जायची. अब्बा मागून येऊन आपल्या अंगठ्याने ती हळूच खाली दाबायचे. त्यांच्या अंगठ्याला तातीने पडलेली घट्टी होती, ती मला अजून माझ्या पायाच्या बोटांवर जाणवते.

तेव्हा एका शब्दाचाही अर्थ मला कळत नव्हता. पण पुढे किती तरी वेळा मन कुठेच्या कुठे पळालं असताना पाठ आपोआप सरळ राहिली. दिवसभर उभ्याने तिकिटं फाडून आलेल्या माणसाला ही अंगाची सवय फार मोठा आधार असते. लहान मुलांना नमाजचा अर्थ नंतर शिकवा, चालेल. आधी प्रेमाने पाठीवर पेला ठेवा.

२. घड्याळ देशाचं असतं, सूर्य गावाचा असतो

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, दुपारचे बारा म्हणजे मध्यान्ह. मशिदीतला वेळांचा तक्ता मात्र जोहरची वेळ कायम साडेबाराच्या मागेपुढे दाखवायचा. कारण पुढे एका शाळामास्तरांनी बसमध्ये बसल्या बसल्या समजावून सांगितलं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. नाशिक चौऱ्याहत्तरच्याही जरा अलीकडे. मधल्या पावणेनऊ अंशांना सूर्याला ३५ मिनिटं लागतात. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२.३५ ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जरा लवकर, फेब्रुवारीत जरा उशिरा. सूर्य माथ्यावर असताना नमाज नाही. तो ढळला की जोहर सुरू.

मग मी सावली बघायला शिकलो. असरची, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजची, वेळ सावलीवरच ठरते. आमच्या हनफी रिवाजात, मध्यान्हीची सावली सोडून वस्तूच्या दुप्पट सावली झाली की असर. जूनमध्ये ही वेळ सव्वापाचच्या सुमारास येते आणि सूर्य सव्वासातपर्यंत असतो, म्हणजे दोन तास हातात. डिसेंबरात असर सव्वाचारनंतर सुरू होते आणि सहाच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. त्यातही सूर्य पिवळा पडल्यावर केलेली असर चांगली मानत नाहीत. धुळ्याची गाडी साडेतीनला नाशिकहून सुटली, की हिवाळ्यातली सगळी असर रस्त्यावर जायची.

माझ्याबरोबर बरीच वर्षं एकच ड्रायव्हर होते. निफाड तालुक्यातले, माळकरी. दर ज्येष्ठात रजा टाकून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जायचे. त्यांना बाहेरच्या आरशात सूर्य उतरताना दिसायचा. मी गर्दीत तिकिटं काढत असायचो, मला बाहेरचं काही दिसायचं नाही. ते आरशातून बघून मोठ्याने म्हणायचे, “मास्तर, सूर्य चालला.” एवढंच. पुढच्या थांब्यावर चहाला गाडी उभी राहिली की ते चहा घ्यायचे आणि मी नमाज पढायचो. माझ्या चहाचा कप ते बशीने झाकून ठेवायचे.

३. माझी नमाज दुसऱ्याच्या वेळेतून कापून घ्यायची नाही

हे शिकायला मला एक चूक करावी लागली आणि तिची किंमत दुसऱ्या कुणी तरी दिली.

डिसेंबर होता. पाचच्या सुमारास चांदवड आलं. त्या दिवशी ड्रायव्हर बदली होते, नवे. थांबा पाच मिनिटांचा. मी खाली उतरलो, वजू केला आणि फर्जच्या, म्हणजे बंधनकारक नमाजच्या, आधीच्या चार ऐच्छिक सुन्नतही पढलो. मग चार फर्ज. मग दुआ. उठलो तेव्हा सोळा-सतरा मिनिटं झाली होती. गाडीत कुणी तक्रार केली नाही. नमाज पढतो आहे म्हटल्यावर लोक बोलत नाहीत, हे मला तेव्हा कौतुकाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी परतीला मालेगाव स्टँडवर आदल्या दिवशीची एक बाई दिसली. कडेवर तान्हं मूल. आमची गाडी उशिरा पोचल्यामुळे तिच्या गावाची शेवटची गाडी निघून गेली होती. अंगात ताप असलेलं लेकरू घेऊन तिने थंडीत अख्खी रात्र स्टँडवर काढली होती. तिने मला ओळखलं आणि मान फिरवली.

मी घरी आलो तो थेट मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तू चाळीस माणसांचा वेळ घेऊन सुन्नत पढलास. तो वेळ तुझ्याकडे अमानत होता. नमाजमध्ये कसूर झाली तर ती तुझ्यात आणि अल्लाहत, तो माफ करील. त्या बाईची रात्र त्याच्याकडून माफ करून घेता येत नाही. ती तिनेच माफ करायची.” मग त्यांनी मला सूरे माऊनचा अर्थ सांगितला. सात आयतींची छोटीशी सूरा आहे. लहानपणापासून मी ती हजारो वेळा पढलो होतो. त्यात नमाज पढणाऱ्यांनाच बोल लावला आहे: जे आपल्या नमाजकडे दुर्लक्ष करतात, लोकांना दाखवण्यासाठी पढतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला साधी वापरायची वस्तूसुद्धा देत नाहीत, अशांना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ती बाई मला तिसऱ्या आठवड्यात सापडली, मालेगावच्या बाजाराच्या दिवशी. मी हात जोडले. ती म्हणाली, “लेकरू बरं झालं, जाऊ द्या मास्तर.” त्यानंतर गाडी उभी असेल तेवढ्याच वेळात बसणारी नमाज मी पढत आलो.

४. एका बाटलीत वजू होतो

नळ सोडून वजू करणाऱ्यांना बघितलं की माझ्या पोटात कालवतं. आमच्याच जिल्ह्यात चांदवड, येवला, नांदगावकडे उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी कोस कोस चालतात. मनमाडला नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नाही, अशी वर्षं मी पाहिली आहेत. पैगंबर साहेब एका ‘मुद’ पाण्यात वजू करायचे, असं हदीसमध्ये आहे. आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीच्या काठीही पाणी वाया घालवू नये, असं त्यांनी सांगितल्याचंही येतं. आम्ही गोदावरीच्या काठचे, आम्हाला हे जास्तच लागू.

लिटरच्या बाटलीत मी वजू करायचो, तो असा. उकिडवं बसायचं. बाटली डाव्या काखेत धरून, झाकण अर्धंच उघडायचं म्हणजे धार बारीक येते. उजवा हात पुढे, आधी दोन्ही हात मनगटापर्यंत. मग ओंजळभर पाण्याने चूळ, मग नाक. चेहऱ्याला पाणी मारायचं नाही, भरल्या ओंजळीने कपाळापासून हनुवटीपर्यंत निथळत आणायचं. हात कोपरापर्यंत, आधी उजवा. इथे पाणी कोपराकडून सांडू द्यायचं नाही, दुसऱ्या तळहाताने ते पसरत न्यायचं. ओल्या हाताने डोक्याचा मसह. शेवटी पाय घोट्यापर्यंत, आणि करंगळीने बोटांच्या बेचक्या. तिकिटांच्या शाईने, नोटांनी, दांड्याच्या लोखंडाने माझे हात दिवसभर काळे असायचे. बेचक्यांतून मातीचा ओघळ निघायचा. सगळं झाल्यावर बाटलीत घोटभर पाणी उरायचं, ते मी प्यायचो.

५. प्रामाणिकपणे शोधून चुकलेली दिशा चालते

नाशिकहून किब्ला, म्हणजे काबाची दिशा, नुसता पश्चिमेला नाही. पश्चिमेकडून आठ-नऊ अंश उत्तरेला आहे. याची खात्री करायची एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या माथ्यावर येतो. आपल्या घड्याळाने २८ मेच्या दुपारी २.४८ च्या सुमारास आणि १६ जुलैला २.५७ च्या सुमारास. त्या क्षणी जिथे सूर्य दिसतो तिथे किब्ला. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं, पण मेमध्ये नाशिकचं ऊन चुकत नाही. एका वर्षी गच्चीवर काठी उभी करून मी सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडापर्यंत ऑइलपेंटची रेघ मारली. ती अजून आहे, नातवंडं तिच्यावर लंगडी खेळतात.

रस्त्यावर माझा हिशेब सोपा होता. गाडीचं तोंड धुळ्याकडे असेल तर किब्ला डाव्या हाताला, जरा मागे. परतीला उजव्या हाताला, जरा पुढे. एकदा दाट धुक्यात, अनोळखी ढाब्यामागे मी चक्क उलट्या दिशेला तोंड करून पढलो आणि उजाडल्यावर ते कळलं. मौलाना म्हणाले, विचारायला कुणी नव्हतं, तू आपल्या परीने शोध घेतलास, झाली नमाज. हे ऐकून मला जो धीर आला तो नुसत्या नमाजपुरता नव्हता.

६. सवलत घ्यावी

हनफी हिशेबाने साधारण ७८ किलोमीटरपलीकडे जायला गाव सोडलं की माणूस मुसाफिर होतो. चार रकातींच्या, म्हणजे चार आवर्तनांच्या, फर्ज त्याने दोनच पढायच्या. पहाटेच्या फज्रच्या दोन आणि सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या तीन तशाच राहतात. चांदवडपर्यंतची ड्युटी असली तर माझी नमाज पूर्ण, मालेगाव-धुळ्याची असली तर कसर. बरीच वर्षं मी हट्टाने चारच पढत होतो, त्यात जास्त भक्ती आहे असं समजून. चांदवडच्या प्रसंगानंतर मौलानांनी यावरही कान धरला. देणाऱ्याने सवलत मायेने दिली आहे, ती नाकारण्यात मोठेपणा नाही.

७. जे रोज म्हणतो ते एकदा आपल्या भाषेत वाचावं

दिवसाच्या फर्ज रकाती १७. एकट्याने पढल्या तर सूरे फातेहा निदान १७ वेळा जिभेवर येते, सुन्नत आणि वित्र वेगळेच. दादीने मला ती नुसती कानाने शिकवली, तिला स्वतःलाही अर्थ ठाऊक नव्हता. मी मराठी शाळेत शिकलेला. अरबी अक्षरं वाचता यायची, कळायचं काही नाही. चाळिशीत आल्यावर सार्वजनिक वाचनालयातून विनोबांचं ‘कुराणसार’ घरी आणलं. कुरआन मुळातून वाचता यावं म्हणून हा माणूस अरबी शिकला. मग एक मराठी तर्जुमा विकत घेतला आणि रोज रात्री एक एक पान वाचू लागलो.

फातेहाच्या सात आयती. आधी अल्लाहची ओळख येते: सगळ्या जगांचा पालनहार, दयाळू, निवाड्याच्या दिवसाचा मालक. मग बंदगीची कबुली, आणि मग एकच मागणं, सरळ वाट दाखव. मला थबकायला लावलं ते या मागण्यातल्या सर्वनामाने. मागणारा ‘मला’ म्हणत नाही. ‘आम्हाला’ म्हणतो.

त्या आठवड्यात माझी सुरगाण्याकडे मुक्कामी गाडी होती. शेवटच्या गावात रात्री गाडी थांबायची, आम्ही शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायचो आणि सकाळी सहाला परत निघायचो. हिवाळ्यात तिकडे पावणेसहापर्यंत फज्रची वेळच होत नाही, म्हणजे हातात पंधरा मिनिटं. कानावर अजान नाही. पंचक्रोशीत मशीद असल्याचं मला तरी माहीत नव्हतं. समोर दवाने ओली खाचरं, शेकोटीचा धूर. मी मुसल्ला पसरला, हात बांधले आणि एकट्याने म्हणालो, आम्हाला सरळ वाट दाखव. कोण आम्ही? डोळ्यांपुढे आले ते सहाच्या गाडीची वाट बघत पारावर बसलेले लोक. नाशिकला मजुरीला निघालेली जोडपी, सिव्हिलला चाललेला म्हातारा, डोक्यावर पाटी घेतलेली पोरगी. तेव्हापासून फातेहा मी एकट्यासाठी म्हणू शकलेलो नाही.

८. पुढच्या रांगेतले तळपाय

जमातीने, म्हणजे एकत्र रांगेत पढलेल्या नमाजचं पुण्य सत्तावीस पट सांगितलं आहे. माझा अनुभव वेगळ्या बाजूने सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या सफमध्ये सजद्यातून डोकं वर उचलताना डोळ्यांसमोर येतात ते पुढच्या माणसाचे तळपाय. चेहरा नाही, कपडे नाहीत. टाचांना भेगा पडलेला गवंडी, भेगांत चुना साचलेला. ठिणग्यांचे गोल डाग असलेला वेल्डर. भद्रकालीच्या भाजीबाजारातला बागवान, नखांत हिरवा रंग. मोज्याचा वण पडलेला गोरा पाय, बहुधा बँकेतला. एक अगदी लहान पाय, वडिलांच्या शेजारी, सारखा हलणारा. जुम्म्याला मी चेहऱ्यांआधी पायांनी माणसं ओळखायला लागलो होतो.

एका पावसाळ्यात ओळखीच्या भेगाळ टाचा दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या जुम्म्याला चौकशी केली. माणूस परांचीवरून कोसळून घरी पडून होता, घरात पैसा नव्हता. रांगेतले आम्ही चौघे-पाचजण नमाज सुटल्यावर त्याच्याकडे गेलो. घरी एकट्याने पढलो असतो तर मला ते कधीच कळलं नसतं.

९. मन येवो न येवो, थांब्यावर उभं राहायचं

नमाजमध्ये मन लागत नाही म्हणून बरेच जण नमाज सोडून देतात, तरुण तर फारच. त्यांच्यासाठी हे लिहितो. माझं मन ३२ वर्षांत नेहमी लागलं असं नाही. वेबिल जुळत नसेल, कॅशमध्ये दोनशे रुपये कमी येत असतील, तर सजद्यातही मी तिकिटांचे नंबर मोजत असायचो. किती रकाती झाल्या तेच विसरायचो. त्यावरही तोड दिलेली आहे, शेवटी विसरीचे दोन सजदे. म्हणजे माणूस विसरणार, हे धरूनच नमाज घडवली आहे. मला त्यात फार माया दिसते.

खेड्यातल्या थांब्यावर माणूस उभा असतो. गाडी कधी वेळेवर येते, कधी तासभर उशिरा. पण जो घरी बसला त्याची गाडी आली तरी चुकते. मन लागणं माझ्या हातात नाही, ते वरून येतं. पाच वेळा थांब्यावर हजर राहणं माझ्या हातात आहे. वर्षानुवर्षं कोरडी नमाज पढत राहिल्यावर मला अशी एक मगरिब मिळाली, राहुड घाटाच्या माथ्यावर, बंद पडलेल्या गाडीशेजारी. त्याबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. पण त्यासाठी आधीच्या सगळ्या कोरड्या नमाज लागल्या, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

१०. सुटली तर फेडावी, आणि पुढे चालावं

२०१५ च्या सिंहस्थात जादा गाड्यांवर अठरा-अठरा तास गेले. त्र्यंबकेश्वरच्या फेऱ्यांत पाय ठेवायला जागा नसायची. काही वक्त चुकले. रात्री घरी आल्यावर त्या नमाज कजा म्हणून पढायचो, वहीत टिपून. उशिराची नमाज पढताना लाज वाटते, ती वाटू द्यावी, पण त्या लाजेपायी पुढची सोडू नये.

११. बांगड्यांचा आवाज

माझी बायको लग्नाच्या आधीपासून पाच वक्तांची पाबंद. तिचा मुसल्ला स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे गुंडाळलेला असतो. भाकरी तव्यावरून उतरवून, गॅस बारीक करून ती असर पढते आणि परत येऊन भाकरी थापते. मी मशिदीत, ती घरात, असं आमचं आयुष्य चाललं होतं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत मशिदी बंद झाल्या. घरात जमात करायची ठरली. मी, माझ्या उजव्या हाताला मुलगा, आमच्या मागे बायको, मुलगी आणि सून. पहिल्याच रकातीत मी सजद्यात गेलो आणि मागून बांगड्या जमिनीला टेकल्याचा बारीक आवाज आला. लग्नाला तीस वर्षांहून जास्त झाली होती आणि आम्ही दोघं पहिल्यांदा एका जमातीत नमाज पढत होतो. मला पुढची तकबीर म्हणता येईना. त्या वर्षी २५ मेला ईद आली. शहाजहानी ईदगाह मैदानावर माणूस नव्हता, आणि आम्ही सगळे ऑइलपेंटच्या त्या रेघेच्या दिशेला तोंड करून गच्चीवर बसलो होतो.

तेव्हापासून माझं मत ठाम झालं आहे आणि ते मी आमच्या मोहल्ल्यात बोलून दाखवतो. मशिदीत बायकांसाठी स्वतंत्र जागा, वजूची सोय आणि वेगळं दार असलंच पाहिजे. पैगंबर साहेबांच्या मशिदीत बायका येत होत्या. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ मध्ये या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२० च्या जानेवारीत तिथे लिहून दिलं, की मशिदीत येऊन नमाज पढायला बायकांना मुभा आहे. मग अडतं कुठे? प्रवासात मी कुठेही मुसल्ला टाकून मोकळा व्हायचो. माझी बायको नाशिक-मुंबई प्रवासात जोहर आणि असर मनात धरून घरी येईपर्यंत तळमळायची. जागा नव्हती, आणि ती विचारायलाही संकोचायची. हा संकोच आपण पुरुषांनी तिच्यावर लादलेला आहे.

१२. खुर्ची

तीन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांनी जबाब दिला. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून, तेही नसेल तर मानेच्या इशाऱ्याने, असा नमाजचा उतार सांगितलेला आहे. ती शुद्ध असेतो माफ होत नाही, फक्त माणसाच्या ताकदीएवढी लहान होत जाते. मी आता सफच्या टोकाला खुर्चीवर असतो. रुकूला जरा वाकतो, सजद्याला त्याहून जास्त वाकतो. कपाळ हवेतच थांबतं.

पहिले काही महिने मला हे फार लागलं. सात वर्षांचा असल्यापासून जे कपाळ जमिनीला टेकत आलं, त्याला जमीन मिळेना. घरी कुणी नसताना मी एकदा हट्टाने खाली उतरलो, सजदा केला आणि मग अर्धा तास उठता आलं नाही. नातू शाळेतून आला तेव्हा त्याने हात दिला. त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. सात पुरे व्हायला त्याला अजून चार महिने होते. रुकूत त्याची पाठ वाकडी होती. मी पितळी पेला काढून घासायला दिला.

माझे माळकरी ड्रायव्हर माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले. निफाडकडे त्यांची द्राक्षाची बाग आहे, आता मुलगा बघतो. ते संध्याकाळी हरिपाठाला बसायच्या आधी बांधावर चक्कर मारतात. तिथून पश्चिम सगळी मोकळी दिसते. थंडी सुरू झाली की पावणेपाचच्या सुमारास माझ्या फोनची घंटी एकदा वाजते आणि बंद होते. उचलायचा नसतो, हे ठरलेलं आहे. आज वाजली तेव्हा नातू अंगणात होता. त्याने फोन हातात घेतला, नाव वाचलं आणि मोरीतली बाटली भरायला गेला.